पहिला ऐकणारा

गोवा विद्यापीठातल्या काही विद्यार्थिनींनी मार्च २००९ मध्ये आपल्या विभागप्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. ती दाबली गेली नाही. विद्यापीठाने ती तक्रार समितीकडे सोपवली, समितीने जबाब घेतले, जूनमध्ये अहवाल दिला आणि २०१० मध्ये त्या प्राध्यापकाला नोकरीतून काढण्यात आलं. राज्यपालांकडचं त्याचं अपील फेटाळलं गेलं, मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ती कारवाई कायम ठेवली. आपल्याकडे अशा तक्रारींचं एरवी काय होतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वाचून बरंच वाटेल. पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला आणि चौकशी ५ मे २००९ रोजी जिथे होती, तिथून पुन्हा सुरू करायला सांगितलं.

कारण होतं घाई. समितीच्या १८ बैठकांपैकी १२ बैठका मे २००९ मधल्या मोजक्या दिवसांत पाठोपाठ उरकण्यात आल्या होत्या. ज्याच्यावर आरोप होता त्याने प्रकृतीचं कारण देऊन मुदत मागितली, ती पुरेशी मिळाली नाही. स्वतःची बाजू नीट मांडण्याची संधी हुकली आणि उरलेली चौकशी एकतर्फी झाली. समितीच्या हेतूबद्दल न्यायालयाची तक्रार नव्हती. तक्रारदारांना न्याय द्यायच्या ओढीत, तो रीतीने द्यायचा असतो याचं भान सुटलं, असा त्या निकालाचा रोख आहे.

तक्रार करताना विशीत असलेल्या मुली त्या दिवशी तिशीच्या मध्यावर आल्या असतील. त्यांच्या तक्रारीवर शेवटचा शब्द अजून उमटायचाच होता. प्राध्यापक दोषीही ठरला नव्हता आणि निर्दोषही नाही. १४ वर्षांत कोणत्याच बाजूच्या पदरात काही पडलं नाही.

नोकरीच्या ठिकाणी गैरवर्तनाची तक्रार आली, की ती हाताळणारी माणसं दोन प्रकारे चुकतात. काही जण तक्रार जिरवतात. काही जण गोंधळून, कधी खऱ्या कळवळ्यानेही, कुणाला तरी झटपट शिक्षा देऊन मोकळे होतात. वरवर पाहता या दोन वृत्ती एकमेकींच्या उलट आहेत. मला मात्र त्या एकाच मुळातून आलेल्या दिसतात. तक्रार कानावर पडल्यापासून पुढचे दोन-चार दिवस काय करायचं आणि काय करायचं नाही, हे त्या माणसाला कधी कुणी शिकवलेलंच नसतं.

आणि हा माणूस म्हणजे समितीची अध्यक्ष नव्हे, कंपनीचा वकीलही नव्हे. तक्रार आधी जाते ती रोज समोर दिसणाऱ्या वरिष्ठाकडे. चाकणच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात तो शिफ्ट इन्चार्ज असतो, एसटीच्या आगारात आगार व्यवस्थापक, बँकेत शाखाधिकारी, रुग्णालयात मेट्रन, शाळेत मुख्याध्यापक. ही माणसं त्या जागी पोहोचली ती आपापल्या कामात तरबेज होती म्हणून. उत्तम फिटर होता म्हणून सुपरवायझर झाला, गणित छान शिकवायच्या म्हणून बाई मुख्याध्यापिका झाल्या. रडणाऱ्या माणसाचं ऐकून घेणं, ऐकलेलं जसंच्या तसं लिहिणं आणि आपल्या हातात नसलेला निर्णय आपण न घेणं, ही कौशल्यं त्यांच्या बढतीच्या कोणत्याही मुलाखतीत तपासली गेलेली नसतात. तरीही प्रकरण पुढे न्यायालयात टिकणार की कोसळणार, हे बहुतेक वेळा यांच्याच टेबलावर ठरतं.

त्या टेबलावर काय घडतं, हे नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको. "बघतो, मी बोलतो त्याच्याशी," हे पहिलं वाक्य. ते प्रेमाने म्हटलेलं असतं आणि बोलणं होतंही. पण त्या बोलण्याने ज्याच्यावर आरोप आहे तो सावध होतो, मोबाइलमधले मेसेज पुसतो, साक्षीदारांना चहाला नेतो. दुसरी सवय दोघांना समोरासमोर बसवण्याची. गावकीच्या बैठकीत वाढलेल्या आपल्या मनाला तो सगळ्यात न्याय्य मार्ग वाटतो. ज्याची भीती वाटते त्याच्याच डोळ्यांत बघून सगळं पुन्हा सांगायचं, म्हणजे तक्रारदाराला दुसऱ्यांदा त्याच प्रसंगातून जायला लावणं आहे, हे लक्षात येत नाही. तिसरी सवय बदलीची, आणि बदली होते ती तक्रार करणारीची. "तुझ्या भल्यासाठीच दुसऱ्या सेक्शनला टाकतो." तिची शिफ्ट बदलते, ओव्हरटाइम जातो, घरी परतायला उशीर होतो, आणि ज्याच्याबद्दल तक्रार होती तो आपल्या जागेवर असतो. बघणारे बाकीचे धडा घेतात, की इथे तोंड उघडलं तर आपलीच उचलबांगडी होते.

चोरीच्या, बनावट बिलांच्या, मारामारीच्या प्रकरणांत रीत वेगळी असते. तिथे केबिनचं दार लावून राजीनामा लिहून घेतात. समोर कोरा कागद, हातात पेन, आणि सही केली नाहीस तर पोलिसांत देतो, हा दम. कंपनीला वाटतं, चौकशीची कटकट वाचली. दोन महिन्यांनी तोच माणूस कामगार न्यायालयात उभा राहून सांगतो, की सही दडपणाखाली घेतली. ते शाबीत झालं तर तो राजीनामा उरत नाही, चौकशीशिवाय केलेली बडतर्फी होते. माणूस चोर होता की नाही हा प्रश्न बाजूला पडतो आणि मालक कसा वागला याची सुनावणी सुरू होते.

सगळ्यात वाईट म्हणजे काहीच न करणं. २५ मार्च २०२१ रोजी मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाचा उल्लेख होता, आणि त्याहून वरच्या अधिकाऱ्याच्या कानावर आपण हे घातलं होतं असंही त्यात होतं. कुणाचा दोष किती, हे ठरवणं न्यायालयाचं काम, त्यात मी शिरत नाही. मला एवढंच दिसतं, की जंगलात हत्यारबंद शिकाऱ्यांना सामोरी जाण्याच्या नोकरीतली एक वर्दीतली बाई आपल्या खात्यात आपलं ऐकणारं माणूस शोधत राहिली. खात्याला वणवा विझवायचं प्रशिक्षण देता येतं, तसं हेही द्यायला हवं होतं.

ज्या कायद्याने आज लैंगिक छळाच्या तक्रारींना चौकट दिली, तो आला कुठून हेही आठवायला हवं. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी या सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या. बालविवाह रोखणं हे त्यांना नेमून दिलेलं काम होतं. ते केल्याबद्दल १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. सरकारचं काम करताना हे घडलं, पण काम देणाऱ्याची काही जबाबदारी आहे असं तेव्हा कोणताच कायदा म्हणत नव्हता. त्यातून ‘विशाखा’ याचिका उभी राहिली आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या आस्थापनांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींत मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती राहिलेल्या सुजाता मनोहर होत्या.

तत्त्वं आली, पण पाळणार कोण? पुण्याच्या ‘आलोचना’ केंद्राच्या मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून नेमकं हेच विचारलं. त्या पत्राची याचिका झाली आणि वर्षानुवर्षं चालली. तिच्यातल्या २००४ च्या आदेशाने एक मोठी अडचण दूर केली: तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानायचा. त्याआधी बाईला एकदा समितीपुढे आणि मग पुन्हा खातेनिहाय चौकशीत, असं दोनदा तेच सांगावं लागे. १९ ऑक्टोबर २०१२ रोजी त्या याचिकेचा अंतिम निकाल लागला, तेव्हाही अंमलबजावणी अपुरी असल्याची खंत न्यायालयाला नोंदवावी लागली. पुढच्या वर्षी संसदेचा कायदा आला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला. कचेऱ्यांत त्याला आता सगळे ‘पॉश’ म्हणतात.

कायदा कागदावर चांगला आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री हवी, निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतला हवा. जिथे दहापेक्षा कमी माणसं आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. जिला लिहिता येत नाही तिला तक्रार लिहायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य. चौकशी ९० दिवसांत, नंतर दहा दिवसांत अहवाल, आणि तो हाती आल्यावर ६० दिवसांत मालकाने कारवाई करायची. समेट हवा असेल तर तो तक्रारदार बाईने मागितला तरच, आणि पैशांच्या बदल्यात कधीच नाही. आरोप शाबीत करता आला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. ही शेवटची तरतूद प्रत्येक सुपरवायझरने पाठ करावी, असं माझं मत आहे. कारण "खोटं निघालं तर तुझ्यावरच येईल हं," ही धमकी सल्ल्याच्या सुरात रोज कुठे ना कुठे दिली जाते.

समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा तोच गुन्हा केला तर दुप्पट आणि परवाना जाण्याचीही शक्यता. तरीही गोवा विद्यापीठाच्या त्याच निकालात न्यायालयाने एका वृत्तपत्राच्या पाहणीचा दाखला दिला: देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांत कायद्याप्रमाणे समिती नव्हती. कायदा येऊन तेव्हा दहा वर्षं होत आली होती. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा न्यायालयालाच जिल्हा अधिकारी आणि स्थानिक समित्या नेमण्यासाठी राज्यांना तारखा बांधून द्याव्या लागल्या. २०२५ पासून कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि ९० दिवसांहून जास्त काळ किती रेंगाळल्या, हे आकडे छापावे लागतात. हे चांगलं झालं. शून्य तक्रारींचा अभिमान मिरवणाऱ्या कंपनीला आता भागधारक विचारू शकतील, की तुमच्याकडे खरंच काही घडत नाही, की कुणी सांगतच नाही?

समित्यांच्या सदस्यांना प्रशिक्षण मिळतं, निदान मिळायला हवं असं कायदा म्हणतो. कर्मचाऱ्यांसाठी जाणीवजागृतीच्या कार्यशाळाही त्यात आहेत. मधल्या फळीतल्या, ज्याच्याकडे तक्रार पहिल्यांदा येते त्या माणसासाठी मात्र वेगळा शब्द नाही. अमेरिकेत ही उणीव न्यायालयांनी पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वीच ओळखली. फ्लोरिडातल्या बोका रॅटन शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून काम करणाऱ्या एका तरुणीचा तो खटला, १९९८ चा. तिचे दोन वरिष्ठ तिच्याशी आणि इतर मुलींशी वाटेल तसे वागत. शहराकडे छळविरोधी धोरण होतं, लेखी होतं, पण किनाऱ्यावरच्या त्या तुकडीपर्यंत ते कधी पोहोचलंच नाही. मुलींनी तिथल्या एका अधिकाऱ्याला विश्वासात घेऊन सांगितलंही होतं. ते वर कळवणं आपलं काम नाही, असं समजून तो गप्प बसला. सर्वोच्च न्यायालयाने शहराला जबाबदार धरलं. त्याच दिवशीच्या आणखी एका निकालासह तिथे तत्त्व घातलं गेलं, की छळ रोखण्याची आणि तो थांबवण्याची वाजवी काळजी घेतली असेल, तरच मालकाला काही प्रकरणांत बचाव मिळेल. त्यानंतर व्यवस्थापकांचं प्रशिक्षण हा तिथला एक धंदाच झाला. कॅलिफोर्नियाने २००४ च्या कायद्याने ५० वा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक मालकाला सुपरवायझरांसाठी दर दोन वर्षांनी दोन तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या अमेरिकी कंपन्यांच्या कचेऱ्यांत आज जे ‘मॉड्यूल’ संगणकावर पुढे पुढे ढकललं जातं, त्याचा वंश तिथला आहे.

पण त्या प्रशिक्षणाने माणूस सुधारतो का? हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ फ्रँक डॉबिन आणि त्यांच्या सहकारी अलेक्झांड्रा कालेव यांनी ८०० हून अधिक अमेरिकी कंपन्यांची अनेक दशकांची माहिती तपासली. निषिद्ध वागणुकीची यादी वाचून दाखवणारं, सगळ्यांना संशयित धरणारं प्रशिक्षण जिथे दिलं गेलं, तिथे स्त्री व्यवस्थापकांच्या संख्येवर उलट परिणाम झाल्याची चिन्हं त्यांना दिसली. जिथे व्यवस्थापकांना ‘तुम्ही मदत करणारे आहात, घडताना दिसलं तर असं थांबवा, कुणी सांगायला आलं तर असं ऐका’ असं शिकवलं, तिथे परिणाम चांगला दिसला. मला हे मनोमन पटतं. तुम्ही गुन्हेगार असू शकता, असं ज्याला तासभर ऐकवलं जातं तो हात बांधून बसतो. तुमच्यावर कुणाची तरी भिस्त आहे, असं सांगितलं की तोच माणूस वही उघडतो.

वही उघडणं हीच पहिली गोष्ट. चांगल्या वर्गात व्याख्यान थोडं आणि सराव जास्त असतो. एक जण तक्रारदार होतो, दुसरा त्याचं ऐकून लिहितो, आणि मग ती टिपणं सगळ्यांसमोर वाचली जातात. बहुतेक टिपणांत सांगणाऱ्याच्या शब्दांपेक्षा लिहिणाऱ्याची मतं अधिक असतात. "ती फार भावनाप्रधान झाली होती." "त्याचा तसा हेतू नसावा." असं एक वाक्य पाच वर्षांनी उलटतपासणीत वकिलाच्या हाती लागलं, की संस्थेचा पूर्वग्रह तिथेच सिद्ध होतो. टिपणात हवं ते एवढंच: कुणी, कधी, कुठे, काय केलं, काय म्हटलं, कुणी पाहिलं, आणि सांगणाऱ्याचे शब्द त्याच्याच भाषेत. शिवी दिली असेल तर शिवी लिहायची, "अपशब्द वापरले" नव्हे. खाली तारीख, वेळ, सही. त्याच दिवशी.

ऐकताना काय बोलू नये याचाही सराव लागतो. "इतके दिवस का नाही बोललीस?" हा प्रश्न तोंडून निसटतोच. "कुणाला सांगणार नाही, शब्द देतो," हेही नको, कारण तो शब्द पाळता येणार नाही. ज्यांना कळणं आवश्यक आहे त्यांनाच कळेल, एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं. मग तिला तिचे मार्ग सांगायचे: समिती कुठे आहे, तिच्यावर कोण आहेत, मुदत किती, पोलिसांत जायचं असेल तर त्यात मदत करणं हे मालकाचं कर्तव्यच आहे. आणि मग थांबायचं. स्वतः तपास करायचा नाही, साक्षीदारांना केबिनमध्ये बोलवायचं नाही. एक काम मात्र तातडीने करायचं, ते म्हणजे पुरावा जपणं. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, गेटचं रजिस्टर भरलं की गोदामात जातं. ते वेळीच बाजूला काढून ठेवलं तर चौकशीत खरं काय ते कळण्याची शक्यता असते. तक्रारदाराच्या बाजूने असो वा विरुद्ध.

नंतरचे तीन महिने डोळे उघडे ठेवणं हाही शिक्षणाचाच भाग. सूड मोठ्या आवाजात घेतला जात नाही. ड्यूटीचं कोष्टक बदलतं, वार्षिक मूल्यमापनात एक गुण घटतो, जेवणाच्या टेबलावर शेजारी कुणी बसत नाही. चौकशीच्या काळात तक्रारदाराने मागितलं तर समिती तिच्यासाठी तीन महिन्यांपर्यंतची रजा किंवा दोघांपैकी कुणाचीही बदली सुचवू शकते. पण हे सुचवायचं समितीने, शिफ्ट इन्चार्जने परस्पर करायचं नाही.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल अशा वर्गांत सगळ्यात कमी बोललं जातं. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे हक्क. या मुद्द्यावर स्त्रियांच्या चळवळीतल्या काही मैत्रिणी अस्वस्थ होतात, ते मला समजतं. हक्कांच्या नावाखाली फार पळवाटा काढल्या गेल्या आहेत. पण गोव्याच्या त्या निकालाने दाखवलं, की त्याचे हक्क डावलले की नुकसान तक्रार करणारीचं होतं.

हे हक्क काही नवे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच सुर एनॅमल कंपनीच्या खटल्यात चौकशी कशाला म्हणायचं ते सांगून ठेवलंय. आरोप स्पष्ट कळवा, साक्षीदार शक्यतो त्याच्यासमोर तपासा, त्याला उलटतपासणी करू द्या, त्याचे साक्षीदार आणू द्या, अहवालात निष्कर्षाची कारणं लिहा. १९९३ मध्ये सांगितलं, की शिक्षेआधी अहवालाची प्रत त्याच्या हातात द्या. यात फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. हरयाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात, १९७७ मध्ये, न्यायालयाने म्हटलं, की तिकीट न दिलेल्या प्रवाशांचे जबाब नाहीत एवढ्यावरून चौकशी मोडत नाही, विश्वासार्ह असा काहीतरी पुरावा मात्र हवा. म्हणजे व्यवस्थापकाकडून कुणी अशक्य गोष्ट मागत नाही.

आणि तरी चौकश्या कोसळतात, त्या साध्या गोष्टींवरून. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरी १९८५ मध्ये छापा पडला, साडेचार ग्रॅम सोन्याचा गोळा आणि सोनं असलेली वाळू सापडल्याचा आरोप झाला. निलंबनाच्या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळाला नाही. गावी गेलेला तो माणूस पैशांअभावी चौकशीला येऊ शकला नाही, चौकशी एकतर्फी झाली, १९८६ मध्ये त्याला बडतर्फ केलं गेलं. त्याच छाप्यावरच्या फौजदारी खटल्यात तो सुटला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला पुन्हा कामावर घ्यायला लावलं. वेळेवर भत्ता देणं, एवढ्याच गोष्टीत कुचराई झाली नसती तर त्या चौकशीचा पाया असा ठिसूळ राहिला नसता.

महाराष्ट्राच्या कायद्यात तर ही गोष्ट अर्ध्या शतकापासून छापलेली आहे. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा आपल्या राज्याचा १९७१ चा कायदा आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित प्रथांची यादी आहे. नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने चौकशी करून कामगाराला काढणं ही त्यातली एक. किरकोळ गैरवर्तनासाठी, आधीची नोकरी न पाहता, धक्कादायक वाटावी इतकी जबर शिक्षा देणं ही दुसरी. औद्योगिक न्यायालयांतल्या वकिलांना हे तोंडपाठ असतं. ज्यांच्या सहीने आरोपपत्र निघतं त्या कारखाना व्यवस्थापकांना ते माहीत व्हावं, अशी व्यवस्था मात्र कुणी केलेली नाही.

शाळांची स्थिती याहून नाजूक आहे, कारण तिथे व्यवस्थापन म्हणजे बहुधा गावातलं एखादं घराणं आणि मुख्याध्यापक त्यांच्या कृपेवर. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९८१ ची सेवाशर्ती नियमावली आहे. चौकशी समितीत तीन जण: एक संस्थेचा, एक त्या शिक्षकाने सुचवलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. हे न पाळता केलेल्या बडतर्फ्या शाळा न्यायाधिकरणांपुढे टिकत नाहीत. औरंगाबादच्या एका प्राथमिक शिक्षिकेला २००७ मध्ये असंच काढलं गेलं. न्यायाधिकरणाने २००९ मध्ये ती कारवाई रद्द केली, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मागच्या काळाचा पूर्ण पगार द्यायला लावला. बेकायदा बडतर्फीत पूर्ण पगारासह पुनर्नियुक्ती हाच सर्वसाधारण नियम, हे आज देशभरची न्यायालयं ज्या निकालाच्या आधारे सांगतात, तो हा मराठवाड्यातल्या शिक्षिकेचा निकाल.

आणि त्याच शाळांत, जिथे क्षणाचाही उशीर चालत नाही तिथे उशीर होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. पोलिसांनी गुन्हा नोंदवायला पालकांना तासन्‌तास ताटकळत ठेवलं, शाळेने स्वतःहून पोलिसांना वेळेत कळवलं नाही याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेत कठोर विचारणा केली. न्यायालयाने ही दखल घेतली ती लोक रेल्वेच्या रुळांवर उतरल्यानंतर. मुलांच्या बाबतीत कायदा चर्चेला जागाच ठेवत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या ‘पोक्सो’ कायद्याखाली कळलं की पोलिसांना कळवायचं. हाताखालच्या माणसाने केलेला असा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आधी संस्थेच्या अध्यक्षांना विचारतो, आधी शाळेची अंतर्गत चौकशी करतो, असं म्हणायची मुभा मुख्याध्यापकाला नाही. राज्यातल्या किती मुख्याध्यापकांना हे त्या ऑगस्टआधी माहीत होतं?

कंपन्यांत या सगळ्याला कायदेशीर जोखीम कमी करणं म्हणतात आणि त्यावर पैसेही खर्च होतात. त्या पैशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जानेवारीत जिल्हा अधिकाऱ्याला वार्षिक अहवाल द्यायचा म्हणून डिसेंबरात तासाभराचं सत्र उरकणं, हजेरीपटावर सह्या घेणं, फोटो काढणं, हे वाया गेलेले पैसे आहेत. न्यायालय सत्राचे फोटो पाहत नाही. तक्रार आली त्या दिवशी कोणी काय लिहिलं, दुसऱ्या दिवशी कोणाला कळवलं, ज्याच्यावर आरोप होता त्याला कागद कधी दिले, हे पाहतं. जोखीम कमी होते ती या कागदांनी, आणि असे कागद घडतात ते सरावाने.

आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने सांगितलं होतं, की दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी हवी आणि ती प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात हवी. बोट कापलं तर कोणाकडे धावायचं, हे त्यामुळे कारखान्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. राज्य सरकारने याच धर्तीवर तक्रार ऐकणाऱ्यांचं प्रशिक्षण सक्तीचं करावं: शिफ्टमागे एक, शाखेमागे एक, शाळेमागे निदान दोन माणसं, दर दोन वर्षांनी परीक्षा देऊन प्रमाणपत्र नवं केलेली, नावं फलकावर लावलेली. त्यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही. एमआयडीसीतल्या उद्योजक संघटना, शिक्षण संस्थांची मंडळं, सहकारी बँका हे उद्यापासून सुरू करू शकतात. आणि तुमच्या हाताखाली चार माणसं जरी काम करत असतील, तर पुढच्या वेळी कामावर जाल त्या दिवशी तुमच्या आस्थापनेच्या समितीत कोण कोण आहे ते बघा, त्यांचे फोन नंबर लिहून घ्या, आणि ती समिती कागदावरच असेल तर त्याच दिवशी तसं लेखी कळवा.